सिस्टर निलंबित; चूक कायम

३१ जानेवारी २०२१ हा पल्स पोलिओ मोहिमेचा दिवस होता. यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी या गावी त्या दिवशी बारा बालकांच्या तोंडात पोलिओच्या लसीऐवजी सॅनिटायझरचे थेंब पडले. मुलांना उलट्या होऊ लागल्या. त्यांना यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हलविण्यात आले आणि सुदैवाने सारी मुले बचावली. तिघांवर निलंबनाची कारवाई झाली. बातमी देशभर गाजली आणि तितक्याच लवकर विसरली गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ठाणे महापालिकेच्या कळव्यातील एका आरोग्य केंद्रात करोनाची लस घ्यायला आलेल्या माणसाला श्वानदंशावरील लस टोचली गेली. तो चुकीच्या रांगेत उभा राहिला होता आणि सुई टोचण्यापूर्वी त्याच्या हातातील केसपेपर कोणी वाचला नव्हता. तेथेही डॉक्टर आणि परिचारिका तातडीने निलंबित झाल्या.

प्रशासन किती तत्पर आहे, हे दोन्ही ठिकाणी जनतेला दिसले. निलंबनाच्या दुसऱ्या दिवशी त्या टेबलावर नेमके काय बदलले, हे मात्र दिसले नाही. करोनाच्या काळात लसीकरणाच्या प्रत्येक केंद्रावर सॅनिटायझर ठेवावेच लागत होते आणि ते योग्यही होते. पण तोंडात टाकायचे थेंब आणि हाताला चोळायचे द्रव्य एकाच ठिकाणी येणार हे ठाऊक असताना, त्यांची जागा, बाटली आणि रंग ठरवून वेगळे ठेवण्याचा विचार कोणी करायला हवा होता? दोन वेगळ्या लसींच्या रांगा एकमेकींत मिसळू नयेत, ही व्यवस्था कोणाची? निलंबनाच्या आदेशात हे प्रश्न मावत नाहीत. तिथे फक्त नाव मावते आणि ते नाव बहुधा साखळीतील शेवटच्या माणसाचे असते.

रुग्णालयातील औषध अनेक हातांतून रुग्णापर्यंत पोहोचते. खरेदी करणारा कोणी, भांडारातून देणारा कोणी, कागदावर लिहिणारे डॉक्टर आणि शेवटी ते शिरेत, स्नायूत किंवा तोंडात घालणारी परिचारिका. आधीच्या तिघांची चूक तिने वेळीच पकडली, तर त्याची कुठे नोंद होत नाही. तिची चूक पकडायला मात्र तिच्यानंतर कोणीच उभे नसते. तिच्यापुढे असतो तो थेट रुग्ण. म्हणून शेवटच्या हातावर कारवाई करून मोकळे होण्याची आपल्याकडील रीत आम्हाला अन्यायाची वाटते. पण केवळ अन्यायाची म्हणून नव्हे, तर रुग्णासाठी ती धोक्याची आहे, म्हणून तिच्याविषयी लिहिणे आम्हाला अगत्याचे वाटते.

यवतमाळ आणि कळव्याच्या घटनांना वृत्तपत्रांत जागा मिळाली. ज्यांना ती मिळत नाही अशा ठिकाणी जाऊ. मुरुड म्हटले की पुण्या-मुंबईच्या वाचकाला समुद्र आणि जंजिरा आठवतो. हे ते मुरुड नव्हे. हे लातूर-बार्शी रस्त्यावरचे, बाजारपेठेचे मोठे गाव. आसपासच्या खेड्यांतील बाळंतिणी, तापाने फणफणलेली पोरे, साप चावलेला शेतमजूर, साखर वाढून ग्लानीत गेलेले आजोबा, या सर्वांची पहिली धाव अशा गावातील ग्रामीण रुग्णालयाकडे असते. तेथे काही अघटित घडले म्हणून आम्ही मुरुडचे नाव घेत नाही. महाराष्ट्राचे आरोग्य मंत्रालयात ठरत असले तरी ते अशाच गावांतील रात्रपाळीत प्रत्यक्षात येते, म्हणून घेतो.

ग्रामीण रुग्णालय म्हणजे साधारणपणे तीस खाटा. भारतीय परिचर्या परिषदेचे मानक सांगते की शिकवणीच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे आणि साधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. आपल्यापैकी ज्याने सरकारी वॉर्डात एक रात्र काढली असेल, त्याने हे प्रमाण मनात ताडून पाहावे. त्या रात्रीतले एक छोटे काम उदाहरणादाखल घेऊ. अडीच किलो वजनाच्या नवजात बाळाला जंतुसंसर्गासाठी जेंटामायसिन द्यायचे आहे. किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे साडेबारा मिलिग्रॅम. हाताशी असलेली कुपी आहे मोठ्या माणसाची, २ मिलिलिटरमध्ये ८० मिलिग्रॅम. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० आणि बाळाला द्यायचे ०.३१ मिलिलिटर. आठवीतील मुलगाही हे गणित सोडवील. पण तो ते रात्री अडीच वाजता, शेजारच्या खोलीत कळा देणारी बाई ओरडत असताना आणि दाराशी तिघे नातेवाईक एकदम बोलत असताना सोडवत नाही. त्याचे उत्तर चुकले तर एक गुण जातो. येथे ०.३ च्या जागी ०.६ भरले गेले, तर सिरिंजकडे पाहून कोणालाही शंका येणार नाही. याच औषधाच्या जादा मात्रेने बाळाचे मूत्रपिंड आणि श्रवणशक्ती धोक्यात येते.

दुसरे उदाहरण वाचकांच्या घरातलेच आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या दोन तीव्रतेच्या मिळतात, मिलिलिटरला ४० युनिट आणि मिलिलिटरला १०० युनिट. त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. १०० च्या कुपीतले औषध ४० च्या सिरिंजने मापून घेतले, तर रुग्णाला अडीचपट मात्रा जाते. लाल आणि नारिंगी! एवढ्या जवळचे दोन रंग ज्यांनी निवडले, त्यांनी मिणमिणत्या दिव्याखालचा वॉर्ड पाहिला नसावा. रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनचेही तसेच. ५ मिलिलिटरच्या एका कुपीत ५,००० युनिट, तेवढ्याच आकाराच्या दुसऱ्या कुपीत २५,०००. सलाइनमध्ये मिसळून सावकाश द्यायचे पोटॅशियम क्लोराइड पाण्यासारखे दिसते. ते तसेच शिरेत गेले तर हृदय थांबते. अशा दुर्घटनांनंतर अमेरिकेत १९९८ मध्ये आणि ब्रिटनमध्ये २००२ मध्ये इशारे देण्यात आले आणि ही तीव्र द्रावणे वॉर्डाच्या कपाटातून हलविण्यास सुरुवात झाली. 'सावध राहा' असे परिचारिकांना सांगून ते थांबले नाहीत. चुकण्याची संधीच तिच्या हातापासून दूर नेली, हा त्यातील शहाणपणाचा भाग.

प्रसूतिगृहात ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. बाळ जन्मले की त्याला रक्तस्राव होऊ नये म्हणून व्हिटॅमिन के टोचतात. आईला जास्त रक्तस्राव झाल्यास मेथर्जिन देतात. दोन्ही इवल्याशा काचेच्या कुप्या आणि वेळ एकच, साऱ्या धावपळीची. बाळालाच मेथर्जिन टोचले गेल्याच्या नोंदी जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्यात बाळाला झटके येतात, श्वास मंदावतो. यावर उपाय महागडा नाही. आपल्याच केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांत प्रसूतिगृहातील ट्रे ठरवून दिले आहेत. बाळाचा ट्रे वेगळा, त्यातच व्हिटॅमिन के. आईच्या औषधांचा ट्रे वेगळा. उत्तर कागदावर आहे. प्रश्न एवढाच की, तपासणीचे पथक येऊन गेल्यानंतरच्या आठवड्यातही ते ट्रे वेगळेच असतात का?

आणखी एक गोष्ट पाश्चात्त्य पुस्तकांत सापडणार नाही, ती आपल्याला आपणच सांगावी लागेल. मराठवाड्यातील वॉर्डात एकाच वेळी दोन सूर्यवंशी आणि तीन जाधव असतात. 'आजी, तुम्ही सूर्यवंशी ना?' असे विचारले की ग्लानीतली आजी 'हो बाई' म्हणते. ती कशालाही 'हो' म्हणेल, कारण सिस्टरला 'नाही' म्हणायचे नसते, हे तिला ठाऊक आहे. म्हणून 'तुमचे पूर्ण नाव आणि गाव सांगा' असे विचारायचे, नातेवाइकाकडून खात्री करायची आणि केसपेपरशी ताडून पाहायचे. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ ही पंचसूत्री परिचर्येच्या पहिल्या वर्षात पाठ करून घेतात. ती पाठ असते. ती आचरणात आणायला दर रुग्णामागे जी काही मिनिटे लागतात, ती तिच्याजवळ नसतात.

याचा अर्थ परिचारिका चुकतच नाहीत किंवा त्यांचा हलगर्जीपणा खपवून घ्यावा, असा नव्हे. पाळी संपताना सर्व तक्त्यांवर एकदम सह्या ठोकणे, न दिलेले इंजेक्शन दिल्याची नोंद करणे, औषध भरताना कानाला मोबाइल असणे, हे प्रकार होतात आणि त्याला शिक्षा हवीच. त्याहून गंभीर प्रकार तालुक्याच्या गावांतील कित्येक खासगी रुग्णालयांत चालतो. कोणतेही नोंदणीकृत शिक्षण नसलेल्या मुलींना गणवेश चढवून, चार-सहा महिने हाताखाली ठेवून 'सिस्टर' म्हणून उभे केले जाते. त्या बिचाऱ्या पोटासाठी येतात. त्यांच्या हातून चूक झाली, तर गुन्हेगार कोण? पांढरपेशा समाज हे जाणतो, बिल कमी येते म्हणून गप्प बसतो.

१९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात जे घडले ते या सर्वांहून वेगळे होते. तेथे रुग्णांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते. चौदा रुग्ण दगावले. आपल्या पंचसूत्रीने तपासून पाहा. रुग्ण योग्य होता, लिहिलेले औषध योग्य होते, मात्रा, मार्ग, वेळ यांत खोट नव्हती. बाटलीतच मृत्यू भरलेला होता. त्या वेळी न्या. बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने वॉर्डापाशी न थांबता चौकशी वर नेली. रुग्णालयाची खरेदी, अन्न व औषध प्रशासन आणि मंत्र्यांच्या दालनापर्यंत ती पोहोचली. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील तो एक धाडसी अहवाल. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, २०२५ मध्ये, तेच विष खोकल्याच्या औषधातून मध्य प्रदेशातील छिंदवाड्याच्या बालकांच्या पोटात गेले आणि त्यातील अनेकांनी नागपूरच्या रुग्णालयांत प्राण सोडले. शेवटच्या हाताकडे पाहून थांबलो तर आपण काय गमावतो, हे यावरून कळावे.

पण लेंटिन आयोगाची परंपरा टिकली नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाला आग लागून दहा बालके गेली, पुढे गुन्हा नोंदला गेला तो दोन परिचारिकांवर. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला, अकरा रुग्ण मृत्युमुखी पडले. पाठोपाठ अटक झाली ती एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्यास आणि तीन परिचारिकांना. या घटना आगीच्या होत्या, औषधाच्या नव्हेत. पण प्रतिक्रिया तीच. आणि नांदेड तर आपल्या दाराशीच आहे. २०२३ च्या ऑक्टोबरच्या आरंभी विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस आणि अठ्ठेचाळीस तासांत एकतीस रुग्ण दगावले, त्यांत नवजात बालके मोठ्या संख्येने होती. त्या मृत्यूंचा संबंध औषध देण्यातील चुकीशी जोडण्याचे कारण नाही. चर्चा झाली ती औषधांच्या तुटवड्याची आणि रिक्त पदांची. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन शासनाला जाब विचारला. त्याच वेळी एका खासदार महोदयांनी काय केले? प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून स्वच्छतागृह साफ करवून घेतले. छायाचित्रे निघाली, टाळ्याही पडल्या असतील. रिक्त पद एकही भरले गेले नसेल.

आपल्या परंपरेत परिचर्येकडे पाहण्याची दृष्टी यापेक्षा किती प्रौढ होती! चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. परिचारक हा वैद्याचा हरकाम्या नव्हे, तो चौथ्या हिश्श्याचा धनी आहे. त्याच्या अंगी चार गुण हवेत, उपचाराचे ज्ञान, कामातील दक्षता, रुग्णाविषयी आपुलकी आणि शुचिता. हा क्रम ध्यानात घ्यावा. ज्ञान पहिले, कौशल्य दुसरे आणि ज्याला आपण सेवाभाव म्हणतो तो तिसरा. आपण हा क्रम उलटा केला. १२ मे रोजी परिचारिकांना गुलाबपुष्प द्यायचे, 'सेवेचे व्रत' म्हणून भाषण करायचे आणि त्यांच्या ज्ञानासाठी, वेळेसाठी, मनुष्यबळासाठी काही करायचे नाही. रमाबाई रानडे यांनी पुण्याच्या सेवासदनातर्फे हिंदू स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण द्यायचे ठरविले, तेव्हा हे काम हलके, कुलीन स्त्रीला न शोभणारे, अशी समाजाची समजूत होती. रमाबाईंनी तिच्याशी झुंज देऊन परिचर्येला शिक्षणाची प्रतिष्ठा दिली. शंभर वर्षांनी, २०२२ मध्ये, याच महाराष्ट्रातील परिचारिकांना कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर जावे लागले. ज्या हातात रुग्णाचा जीव द्यायचा, तो हात ठेकेदारामार्फत आणायचा, हे कोणत्या चिकित्साशास्त्रात बसते?

आता कायद्याकडे वळू. १ जुलै २०२४ पासून इंग्रजांच्या दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, ते स्वागतार्हच आहे. परंतु तिच्या कलम १०६ मध्ये एक विषमता राहून गेली आहे. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास जुन्या कायद्यात सर्वांना कमाल दोन वर्षे कारावास होता. नव्या कायद्यात तो पाच वर्षे झाला. उपचार करताना असे घडल्यास नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाला मात्र दोनच वर्षांची मर्यादा ठेवली. डॉक्टरांना ही सवलत योग्यच आहे, अन्यथा जोखमीची शस्त्रक्रिया कोण करील? पण 'नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक' म्हणजे ज्याचे नाव राष्ट्रीय किंवा राज्य वैद्यकीय नोंदवहीत आहे तो, असे स्पष्टीकरण कलमातच आहे. परिचारिकेची नोंदणी परिचर्या परिषदेत असते. म्हणजे चुकीची मात्रा लिहिणाऱ्याला कमाल दोन वर्षे आणि ती तशीच टोचणारीला पाच. २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांवर फौजदारी कारवाई करण्याआधी तज्ज्ञाचे स्वतंत्र मत घेण्याचे निर्देश दिले होते, तेही डॉक्टरांचा विचार करून. २०२३ मध्ये संसदेने परिचर्या आणि प्रसूतिविद्येसाठी स्वतंत्र राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत केला. त्याच वर्षी त्याच संसदेने न्याय संहिता संमत केली. एका कायद्यात परिचारिका सन्मान्य व्यावसायिक, दुसऱ्यात तिची आठवणच नाही.

शिक्षेच्या भीतीने चुका कमी होतात, हा सर्वसाधारण समज. अमेरिकेतील नॅशव्हिल येथील एका नामांकित रुग्णालयात डिसेंबर २०१७ मध्ये एका परिचारिकेने स्वयंचलित कपाटातून शांत करणाऱ्या औषधाऐवजी स्नायू लुळे पाडणारे औषध काढले. दोन्हींच्या नावांची पहिली दोन अक्षरे सारखी. पंचाहत्तर वर्षांची रुग्ण दगावली. परिचारिकेने चूक लपविली नाही, लगेच सांगितली. तिचीच कबुली तिच्याविरुद्ध गेली आणि मार्च २०२२ मध्ये तिला गुन्हेगार ठरविण्यात आले. पुढे न्यायाधीशांनी तुरुंगात न धाडता तीन वर्षांच्या देखरेखीवर सोडले. पण देशभरच्या परिचारिकांनी त्यातून घ्यायचा तो धडा घेतला, की यापुढे सांगायचे नाही. हा धोका ओळखून २०२४ मध्ये केंटकी राज्याने, हेतुपुरस्सर कृत्य आणि घोर निष्काळजीपणा वगळता, आरोग्य कर्मचाऱ्यांच्या चुका फौजदारी कक्षेबाहेर ठेवणारा कायदा केला. आपल्या मुरुडमधील, अहमदपूरमधील, देगलूरमधील सिस्टर नॅशव्हिलची बातमी न वाचताही तोच धडा शिकलेली असते. तिने भंडारा पाहिले आहे, नगर पाहिले आहे. सिरिंज भरून झाल्यावर, टोचण्याच्या क्षणी चूक तिच्या ध्यानात आली, तर ती सिरिंज मुकाट्याने कचऱ्यात जाते. रुग्ण वाचतो, पण का वाचला हे कोणालाच कळत नाही, आणि त्या दोन सारख्या दिसणाऱ्या कुप्या कपाटाच्या त्याच खणात शेजारी-शेजारी राहतात, पुढच्या पाळीची वाट पाहत.

जागतिक आरोग्य संघटनेने औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर इजा पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याचे आवाहन २०१७ मध्ये केले होते. २०१९ पासून १७ सप्टेंबर हा जागतिक रुग्णसुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. मराठवाड्यात तो मुक्तिसंग्रामाचा दिवस, ध्वजवंदनाचा. त्या सकाळी पालकमंत्री जिल्ह्याच्या ठिकाणी असतातच. ध्वजवंदन उरकल्यावर त्यांनी फुलांचा गुच्छ न घेता एखाद्या ग्रामीण रुग्णालयाच्या औषधाच्या खोलीत पंधरा मिनिटे उभे राहावे. फ्रिजमध्ये काय कशाशेजारी ठेवले आहे, ते पाहावे. रात्री किती खाटांमागे किती परिचारिका असतात, ते हजेरीपटावरून मोजावे.

आमच्या वाचकांपैकी अनेक जण सेवाभावी रुग्णालयांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत. शासन करील तेव्हा करील, त्यांना कोणाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. डॉक्टरांनी औषधाचे नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, हा भारतीय वैद्यक परिषदेचा २०१६ चा नियम आपल्या रुग्णालयात पाळला जातो का? फोनवरून दिलेला आदेश परिचारिका लिहून, पुन्हा वाचून दाखविते का आणि तसे केल्याबद्दल डॉक्टर तिच्यावर डाफरतात का? बाळांच्या औषधांची आणि इन्सुलिनची मात्रा दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घेण्याची पद्धत आहे का? काही देशांत औषधे वाटताना परिचारिका वेगळ्या रंगाचे जाकीट घालते, त्यावर 'व्यत्यय आणू नका' असे लिहिलेले असते. आपल्याकडे जाकिटाची गरज नाही, नातेवाइकांनी तेवढी दहा मिनिटे तिला हाक न मारण्याचे सौजन्य दाखविले तरी पुरे. येथे आपणही आरोपीच्या पिंजऱ्यात आहोत. सलाइन संपायला अर्धा तास असताना 'सिस्टर, सिस्टर' करून वॉर्ड डोक्यावर घेणारे आपल्याच घरातले असतात.

आणि एक वही ठेवावी. घडलेल्या आणि घडता घडता राहिलेल्या चुकांची. तीत नाव लिहू नये, प्रसंग लिहावा. महिन्यातून एकदा डॉक्टर, फार्मासिस्ट आणि परिचारिका यांनी एकत्र बसून ती वाचावी. पहिल्या महिन्यात वही कोरी आली, तर विश्वस्तांनी समाधान मानू नये, आपल्या रुग्णालयात बोलायची भीती किती खोल गेली आहे, याची चौकशी करावी. कलम १०६ च्या स्पष्टीकरणात नोंदणीकृत परिचारिकांचा समावेश व्हावा, ही मागणी लातूर आणि नांदेडच्या खासदारांनी संसदेच्या येत्या अधिवेशनात मांडावी. त्यासाठी कोणाच्या हाती झाडू द्यावा लागत नाही.